अपक्षाचा जाहीरनामा आणि सहीचा अधिकार

आजचा विषय आहे अपक्ष उमेदवार शहराचा कारभार सुधारण्याचं जे वचन देतो त्याची चिकित्सा. चिकित्सा म्हणजे खिल्ली नव्हे. अपक्षाची खिल्ली उडवणं फार सोपं असतं. पैसा नाही, माणसं नाहीत, चिन्ह शेवटच्या पंधरा दिवसांत मिळतं, कधी शिट्टी तर कधी कपबशी. ते आपण बाजूला ठेवू. त्याने लिहिलेला कागद हातात घेऊ आणि तो कागद काय सांगतो, काय सांगायचं टाळतो, एवढंच बघू.

नवापूरला या विषयावर बोलण्याचं कारण आहे. बोईसरला नगर परिषद हवी ही मागणी बरीच जुनी आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या बोईसरची लोकसंख्या ३६ हजारांच्या वर होती. कायद्याने नगर परिषदेला २५ हजार पुरतात. मग आजूबाजूची गावं धरली तर काय होईल, याचा हिशेब तुम्हीच करा. एवढं मोठं गाव आजवर ग्रामपंचायतीच्या अंगरख्यात कोंबून बसवलेलं आहे. उद्या नगर परिषद झाली की पहिल्याच निवडणुकीत अपक्षांचे जाहीरनामे येतील. ‘स्वच्छ कारभार’, ‘टक्केवारी बंद’, ‘नागरिकांचा उमेदवार’. त्याआधी असे कागद कसे वाचायचे याची थोडी तयारी असलेली बरी.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जाहीरनाम्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहावा: या कामाच्या कागदावर शेवटची सही कोणाची? सही उमेदवाराची होणार असेल तर ते वचन. सही दुसऱ्याची असेल तर ती मागणी. मागणी करणं वाईट नाही, पण मागणीला वचन म्हणून खपवणं ही फसवणूक आहे, मग ती प्रामाणिक माणसाने केली तरी.

पहिलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ, वसईचं. तेव्हा जिल्हा ठाणे होता, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. जुलै २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगर परिषदा आणि ५३ गावं एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गावांचा विरोध होता. वाड्या, विहिरी, फुलशेती, केळीच्या बागा, पश्चिम पट्ट्यातली हिरवाई हे सगळं शहराच्या पोटात जाणार ही भीती होती, आणि ती नवीन नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी जे आंदोलन उभं केलं, त्याच्याही मुळाशी हीच भीती होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक झाली. श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित वसईतून अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. प्रचाराचा कणा एकच होता: गावं महापालिकेतून वगळा. समोर बहुजन विकास आघाडी होती, जिचा या पट्ट्यात वर्षानुवर्षं शब्द चालत होता. शेजारी आपल्या बोईसर मतदारसंघात त्याच निवडणुकीत आघाडीचाच उमेदवार आला. म्हणजे वारं कोणत्या दिशेचं होतं ते लक्षात येईल. त्या वाऱ्यात एक अपक्ष निवडून येतो ही साधी गोष्ट नाही. शिवसेना-भाजपचा पाठिंबा त्यांना होता हेही लगेच सांगितलं पाहिजे. अपक्ष हा शब्द उमेदवारी अर्जावर एका अर्थाने असतो आणि मतांच्या गणितात दुसऱ्या. हे लपवायचं कारण नाही, पण विसरायचंही नाही.

आता या जाहीरनाम्याचं मूल्यमापन करू. त्याची ताकद अशी की तो एका वाक्यात सांगता येत होता आणि त्यात सहीचा पत्ता बरोबर होता. महापालिकेची हद्द महापालिका ठरवत नाही. ती राज्य सरकार अधिसूचनेने ठरवतं. म्हणून नगरसेवक होण्यापेक्षा आमदार होऊन मंत्रालयाच्या दारात जाणं, ही पंडितांची निवड कायद्याच्या दृष्टीने अचूक होती. शहराच्या कारभाराविषयीचं भांडण शहराच्या सभागृहात सुटणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं.

आणि त्यांना यश मिळालंही. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळण्याची अधिसूचना काढली. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण महापालिका उच्च न्यायालयात गेली, स्थगिती आली, आणि गावं तिथल्या तिथे राहिली. आमदारकीची मुदत संपली. २०१४ ला पंडित हरले, हितेंद्र ठाकूर निवडून आले. तारखा पडत राहिल्या. शेवटी २०२४ मध्ये सरकारने ती गावं महापालिकेतच ठेवायचं ठरवलं. बघा, पंधरा वर्षं. ज्या मुलाने २००९ ला बापाच्या खांद्यावर बसून मोर्चा पाहिला, तो आता मतदार झाला असेल, आणि त्याची घरपट्टी महापालिकेचीच येते.

यातून ‘आंदोलन फुकट गेलं’ असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. त्या जाहीरनाम्याने ‘हद्द कुठे’ हा प्रश्न विचारला, ‘हद्दीच्या आत अधिकार कोणाचा’ हा प्रश्न मागे ठेवला. गावं बाहेर पडली असती तर काय झालं असतं? ग्रामपंचायती परत आल्या असत्या. पण बांधकामाचा आराखडा ग्रामपंचायतीकडे कधी होता? १९९० पासून त्या भागाचं नियोजन सिडकोकडे होतं. म्हणजे महापालिका येण्याच्या आधी जे इमले उठले, ते ग्रामपंचायत असतानाच उठले. हद्दीबाहेर गेल्याने बिल्डर हद्दीबाहेर जात नाही. पाणी, गटार, कचरा, रस्ता यांचं काय, याचं उत्तर ‘वगळा’ या एका शब्दात नव्हतं.

आणि जी शहरात राहिली त्यांचं काय झालं? नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. लोकांनी घामाचे पैसे घालून घरं घेतली, संसार मांडले. २०२५ च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्या पाडल्या गेल्या. आणि पाडकाम चालू होतं तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. २०२० ला मुदत संपल्यापासून प्रशासकाचा कारभार चालू होता, तो पाच वर्षांहून जास्त चालला. घर गेलेल्या माणसाने जाब विचारायचा तर कोणाला? हद्दीच्या आतला माणूस आणि हद्दीच्या बाहेर पडू पाहणारा माणूस, दोघांचीही अडचण एकच होती. सही दुसरीकडे होती.

दुसरं उदाहरण मुंबईचं, जुहूचं. २००७ च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग ६३ मधून अडॉल्फ डिसोझा अपक्ष निवडून आले. इथली पद्धत उलटी होती. आधी परिसरातल्या नागरिकांनी एकत्र येऊन उमेदवार ठरवला, आणि उमेदवाराने मतदारांशी लेखी करार केला. नगरसेवक निधी कुठे खर्च करायचा ते लोकांना विचारून ठरवायचं, सभा घ्यायच्या, हिशेब मांडायचा. आकाशातलं काही नाही. मेट्रो आणीन, समुद्रात पूल बांधीन, असलं काही नाही.

आमच्या कसोटीवर हा कागद वसईच्या कागदापेक्षा सरस ठरतो. कारण त्यातली बहुतेक वाक्यं वचनं होती, मागण्या नव्हत्या. निधीच्या शिफारशीवर नगरसेवकाची सही असते. सभा बोलवायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. हिशेब फळ्यावर लिहायला अध्यादेश लागत नाही. जे हातात आहे तेवढंच लिहिलं आणि तेवढ्यावर निवडून येऊन दाखवलं.

पण मर्यादाही बघायला हव्यात. २०१२ ला हाच नमुना ‘मुंबई २२७’ या नावाने शहरभर न्यायचा प्रयत्न झाला. त्या वेळी मुंबईत २२७ प्रभाग होते. पालिकेच्या सत्तेचं गणित त्याने हललं नाही. एका प्रभागात शेजारी शेजाऱ्याला ओळखतो, सोसायट्यांच्या समित्या आहेत, लोकांना संध्याकाळी सभेला यायला वेळ आहे. चाळीत, झोपडपट्टीत, दोन पाळ्यांत काम करणाऱ्या वस्तीत हे कसं करायचं, याचं उत्तर जुहूच्या करारात नव्हतं. आणि २००९ ला राज्याने केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेच्या अटीपोटी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आणली खरी, पण मुंबईत त्या सभा सुरू करण्याची घाई ना प्रशासनाला होती ना पक्षांना. कायद्यात असलेली गोष्टही कोणीतरी धसास लावल्याशिवाय जमिनीवर येत नाही.

आता निवडून आलेल्या एकट्या अपक्षाला सभागृहात काय मिळतं ते बघू. लोकांना वाटतं की नगरसेवक म्हणजे शहराचा राजा. प्रत्यक्षात महापालिकेत पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे असतात. मुंबईबाहेरच्या महापालिकांत तिचे सदस्य १६. ते पक्षांच्या आणि गटांच्या संख्याबळाप्रमाणे जातात. एकटा अपक्ष कुठल्या गटात गेला नाही तर त्या खोलीच्या बाहेर राहतो. गटात गेला तर आत जातो, पण गटाचा आदेश त्याला बांधतो. आणि अपक्ष म्हणून निवडून येऊन पुढे पक्षात गेला, तर १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याखाली पदावर गदा येते. म्हणजे ‘मी कोणाचाच नाही’ ही त्याची प्रचारातली ताकद सभागृहात त्याची अडचण होते. हे मतदाराला आधी सांगणारा अपक्ष आम्ही क्वचितच पाहिला आहे.

आणि स्थायी समितीच्याही वर आयुक्त. अंमलबजावणीचा अधिकार कायद्याने त्याचा, नेमणूक राज्य सरकारची. एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश लोकांनी ठराव केला तर आयुक्त परत गेला पाहिजे असं कायदा म्हणतो. वसई-विरारच्या ११५ जणांच्या सभागृहात त्याला ७२ मतं लागतील. ती जमली तरी काय? २०१६ च्या ऑक्टोबरात नवी मुंबईत तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. पक्षभेद विसरून बहुतेक सगळे एक झाले. तरी सरकारने त्यांना लगेच हलवलं नाही. बदली झाली ती पुढच्या मार्चमध्ये.

ही घटना आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ती दोन्ही बाजूंनी कापते. नवी मुंबईतल्या बऱ्याच नागरिकांना मुंढे हवे होते. अतिक्रमणं काढणारा, वेळेवर येणारा अधिकारी त्यांना नगरसेवकांपेक्षा जवळचा वाटला. म्हणून अनेक अपक्षांच्या जाहीरनाम्यात एक सूर ऐकू येतो: नगरसेवक चोर, अधिकारी साव, अधिकाऱ्याला मोकळं सोडा. हा सूर टाळ्या घेतो. पण चांगला अधिकारी ज्या वाटेने येतो त्याच वाटेने जातो, आणि त्याच वाटेने दुसऱ्या दिवशी वाईट अधिकारी येतो. दोघांनाही आणताना तुम्हाला कोणी विचारलेलं नसतं.

नगर परिषदेतही हेच. मुख्याधिकारी राज्य सरकारचा. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून, हा नियम सरकारने २०१६ ला बदलला, २०२० ला फिरवला, २०२२ ला परत आणला. सहा वर्षांत तीनदा. कोणत्या गावाने ग्रामसभा किंवा नगरसभा घेऊन सांगितलं होतं की आम्हाला असं हवं? १९९३ ला अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना १८ विषयांची यादी दिली, पण त्यातले किती खरोखर द्यायचे हे राज्याच्या मर्जीवर ठेवलं. अपक्षाचा जाहीरनामा या यादीपर्यंत पोहोचतच नाही, तो खड्ड्यांपाशी थांबतो. खड्डा महत्त्वाचा आहे, आमचीही कंबर दुखते. पण खड्डा दरवर्षी त्याच जागी का पडतो याचं उत्तर निविदेच्या फाइलीत असतं, डांबरात नसतं.

आता आपल्याकडे येऊ. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून पाइपने नवापूरच्या किनाऱ्यावर येतं आणि समुद्रात जातं. २५ दशलक्ष लिटरच्या जुन्या केंद्राला झेपेना इतकं पाणी तिथे येत राहिलं, हे सरकारी कागदांवरही आलेलं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण होते, देशात सगळ्यांत वर. परीक्षेत एवढे गुण मिळाले असते तर आपण पेढे वाटले असते.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कारखाने ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत तिथे कर, तिथे ठेके, तिथे खोल्यांची भाडी. नवापूरच्या वाट्याला पाइप. दांडी, उच्छेळी, आलेवाडी, मुरबे, सातपाटी या किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला मासा मिळाला नाही तर तो कोणत्या सभागृहात प्रश्न विचारणार? उद्या बोईसरची नगर परिषद झाली आणि नवापूर तिच्या बाहेर राहिलं, तर शहराचा मैला आणि कारखान्यांचं पाणी दोन्ही आपल्याकडे, मतपेटी मात्र त्यांच्याकडे. नवापूर आत घेतलं तर मतपेटी आपल्याकडेही, पण ग्रामसभा गेली. आज वर्षातून किमान चार वेळा ग्रामसभा भरते, तिथे आजीबाईही उठून सरपंचाला जाब विचारते. नगर परिषदेत अशी सभा नाही. प्रभाग समित्या घटनेने सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांवरच्या शहरांसाठी. त्याखालच्या गावाला तेही नाही.

तिसराही एक पर्याय कायद्यात आहे. घटनेच्या २४३ क्यू कलमात अशी सोय आहे की जिथे उद्योगच सोयी पुरवतात, तिथे राज्यपाल औद्योगिक नगरी जाहीर करू शकतात. तिथे निवडून आलेली नगर परिषद नसते. कोणी ‘बोईसरला औद्योगिक नगरी करू, कारभार झटपट होईल’ असं म्हणू लागला तर झटपट कोणासाठी, हे विचारा.

आणि नगर परिषद आली तरी पाइपवर तिची सही चालणार नाही. वसाहतीचं नियोजन औद्योगिक विकास महामंडळाकडे, १९६१ च्या कायद्याने. सांडपाण्याची संमतिपत्रं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. म्हणून ‘मला निवडून द्या, समुद्र स्वच्छ करतो’ असं बोईसरचा अपक्ष म्हणाला, तर ते वचन नाही. इथे आठवण करून द्यावीशी वाटते की या प्रश्नावर २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. कुठलीही निवडणूक न लढता. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर आणि प्रक्रिया केंद्रावर कोट्यवधींची भरपाई लावली. सही कोणाकडे आहे हे त्या लोकांनी ओळखलं होतं.

पण लवाद दंड लावतो, राज्य करत नाही. रोज सकाळी पाइपातून काय आलं, ते बघायला लवाद येत नाही. तिथे निवडून आलेल्या माणसाचं काम सुरू होतं. मग त्याच्या कागदावर काय असावं?

पहिलं, त्याने दोन रकाने करावेत. एकात माझ्या सहीने होणारी कामं, दुसऱ्यात ज्यासाठी मी भांडणार ती कामं आणि ज्याच्याशी भांडणार त्या खात्याचं नाव. दुसरं, कायदा सांगत नसला तरी तो आपल्या प्रभागात दर तिमाहीला सभा घेईल, आणि ती रविवारी किंवा पाळी सुटण्याच्या वेळेला घेईल, कारण बोईसरच्या खोल्यांतून राहणारा कामगार सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा मोकळा नसतो. त्यातल्या कित्येकांचं नाव इथल्या मतदार यादीत नाही, तरी त्यांना बोलू देईल. तिसरं, प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची मोजमापं मराठीत, साध्या आकड्यांत, नवापूरच्या आणि दांडीच्या चावडीवर लागावीत असा ठराव पहिल्याच बैठकीत आणील. ठरावाने पाणी स्वच्छ होत नाही हे खरं. पण ठराव नामंजूर करणाऱ्यांची नावं इतिवृत्तात राहतात, आणि पुढच्या निवडणुकीत ती वाचून दाखवता येतात. चौथं, कोणत्या गटात जाणार आणि कशाच्या बदल्यात, हे अर्ज भरतानाच लिहून देईल.

असा कागद बघायला फार देखणा होणार नाही. ‘परिवर्तन’ हा शब्द त्यात कदाचित एकदाही येणार नाही, आणि प्रचाराचं गाणं त्यावर रचता येणार नाही. पण पाच वर्षांनी तो समोर ठेवून एकेका ओळीवर खूण करता येईल: झालं, नाही झालं, भांडला, भांडला नाही. पक्षाच्या उमेदवारालाही हाच कागद मागायला हरकत नाही. तो वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणेल, आणि तेवढ्यानेही आपल्याला बरंच कळेल.

वसईने पंधरा वर्षं हद्दीसाठी खर्ची घातली. बोईसरची हद्द अजून आखायची आहे, म्हणजे आपल्याला प्रश्न आधी विचारायची संधी आहे. नगर परिषद कधी, याच्या जोडीला ‘कोणती गावं, कोणते अधिकार, आणि पाइपच्या तोंडाशी राहणाऱ्यांचा आवाज कुठे’ हे तीन प्रश्न प्रत्येक सभेत उठले पाहिजेत. उमेदवार अपक्ष असो की पक्षाचा.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या मंडळींनी आधी विचारावं, त्यांचा नंबर नेहमी राहून जातो.